ओकबाईंचं मनगट

दुपारी दीड ते चार मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेते. पूर्ण ओढलं तर गिऱ्हाइकाला वाटतं, बाई गावाला गेली. अर्धं असलं की कळतं, बाई जेवून आडवी झालीय, हाक मारायची नाही. कापड पेठेतला हा नियम माझ्यासाठी सगळे पाळतात. माश्या तेवढ्या पाळत नाहीत.

आत्ता मी काउंटरमागच्या चटईवर पडले आहे. पंखा दोनवर. नीळ आणि रॉकेल यांचा वास, जो आता दुकानाचा की माझा हे सांगता येणार नाही. डोळे मिटतात, उघडतात, परत मिटतात. पुरते मिटत नाहीत, कारण वर काउंटरवर एक कागद पडलाय आणि तो मला खाली झोपल्या झोपल्याही दिसतोय.

मी खाके करते. साडीवर किंवा ब्लाउजच्या बाहीवर भरतकाम करायचं असलं की आधी नक्षी उतरवून घ्यावी लागते. पातळ कागदावर नक्षी काढायची, रेषेवरून सुईनं जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून रॉकेलात कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. कागद उचलला की कापडावर ठिपक्याठिपक्यांचा मोर. चाळीस वर्षं मी भोकं पाडतेय. एवढ्या वर्षांत गावातल्या निम्म्या बायकांच्या पाठीवर माझे मोर बसले असतील.

काउंटरवरच्या कागदावर मोर नाही. वीतभर लांबीची एकच सरळ रेघ आहे. काल संध्याकाळी मी ती काढली, तिच्यावर एकशे दहा भोकं पाडली, आणि रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

ही रेघ म्हणजे मनगटातली एक दोरी. डॉक्टर तिला कंडरा म्हणतात. तुम्ही अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मधोमध एक तार वर आलेली दिसेल. दिसली? माझीही दिसते, तंबोऱ्यासारखी ताठ. पण काही माणसांना ती नसतेच, जन्मापासून नसते, आणि त्यांचं काही अडत नाही. हे मला चार महिन्यांपूर्वी ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी आमच्या गावातल्या वैद्यकीय कॉलेजातले डॉक्टर शिरगुप्पे बायकोच्या साडीसाठी दुकानात आले होते. भिंतीवर मी चिकटवलेली चित्रं बघत राहिले. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या चित्रकारांनी माणसं चिरून, आत बघून काढलेले हात, पाय, कवट्या. त्यांची मी केलेली नक्कल.

"कोणी काढली?"

"मीच."

"कुठं शिकलात?"

"नगर वाचनालयात."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पण त्यांनी मला भिंत दिली. शरीररचनेच्या हॉलमधली मागची अख्खी भिंत, बारा फुटी माणूस, कातडीखालचा. मी एकच अट घातली: पुस्तकातून काढणार नाही, बघून काढीन. त्यांनी मला देहदान केलेल्या माणसांच्या टेबलांपाशी नेलं. तोंडावर कापड असतं, नावं नसतात, नंबर असतात. औषधाच्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळं तिथं कोण रडतंय ते कळत नाही.

सात नंबरचा उजवा हात उघडलेला होता. करंगळी मधल्या पेरात बाहेरच्या बाजूला वाकलेली.

ती करंगळी मी ओळखत होते.

मालिनीबाई ओक वाचनालयात ग्रंथपाल होत्या. सगळं गाव त्यांना ओकबाई म्हणायचं. मी दहावी नापास झाले त्या वर्षी वडिलांनी मला वाचनालयात धाडलं, पुस्तकातून मोर उतरवून आण म्हणाले. आमचं शिंप्याचं घर, नक्षीला तोटा. ओकबाईंनी मला बालविभागात मोर गिरवताना पकडलं. "मोर बघितलायस का कधी?" मी म्हटलं, गावात कुठला मोर. "मग कोंबडा काढ. तो बघता येतो." आणि मग शिडी लावून वरच्या फळीवरचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी माझ्यासाठी खाली काढलं. त्या चित्रकारांचं. उतरताना शिडीची पायरी मोडली. पुस्तक त्यांनी छातीशी धरलं आणि हात खाली टेकला. करंगळी जी वाकली ती वाकलीच.

बाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. देहदानाच्या फॉर्मवर साक्षीदाराची सही माझी आहे.

मी कॉलेजात कोणाला काही बोलले नाही. सात नंबरचा हात होता तसा भिंतीवर काढला. करंगळी वाकडी. मनगटाच्या मध्यात दोरी नाही, कारण नव्हती.

आणि काल डॉक्टर म्हणाले, "ताई, काम अप्रतिम झालंय. फक्त उजव्या हाताची मधली दोरी राहिलीय."

"राहिली नाही. नव्हतीच."

"अहो, शंभरात दहा-पंधरा जणांना नसते, मला माहीत आहे. पण भिंत त्या पंधरांसाठी नसते. पुस्तकात आहे, परीक्षेत विचारतात. पोरं चुकतील." मग जरा खालच्या आवाजात, "करंगळी हवी तर राहू दे. दोरी तेवढी घाला. उद्या पाचपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर कोल्हापूरचा पेंटर बोलावलाय, तो सगळा हातच नव्यानं करेल. परवा उद्घाटन आहे ना."

वाईट माणूस नाही हो. त्यामुळंच तर झोप येत नाही. एक दोरी घातली तर करंगळी वाचते. नाही घातली तर हातच जातो. एवढा साधा हिशेब, आणि तो करून कागद तयार ठेवलाय, आणि

पंखा एकवर आलाय. मी उठले नव्हते.

शटरखालून कोणीतरी आत येतंय. शटर कमरेएवढ्या उंचीवर आहे, आणि येणारी बाई वाकत नाही. तरी आत येते. वाकायचं नाही ही सवय एकाच बाईची.

"झोपलीस का गं?"

"नाही बाई, पडलेय नुसती."

"तेच ते." ओकबाई माझ्या स्टुलावर बसतात. पांढरी साडी, जांभळी किनार, चष्म्याला तोच काळा दोरा. उजवा हात पदराखाली आहे. "काय वास मारतो दुकानाला. त्या कॉलेजातला वास बरा म्हणायचा."

मला त्यांना बघून आश्चर्य वाटत नाही. वाटतं ते वेगळंच, परीक्षेच्या दिवशी बाई वर्गात आल्यावर वाटायचं तसं. मी उठून बसते, केस सारखे करते.

"चहा करू?"

"आता कुठं जिरणार. सगळं बाहेर काढून ठेवलंय पोरांनी." त्या हसतात. "चांगली पोरं आहेत. एक मुलगी आहे, चाकू लावायच्या आधी रोज माझ्या पायाला हात लावते. मी म्हणते, अगं हात धुतलेस का?"

मी हसते आणि पदरानं डोळे टिपते. बाई दुर्लक्ष करतात. दुर्लक्ष करणं ही त्यांची माया करण्याची पद्धत.

"मला ओळखलंस तेव्हा काय केलंस?" त्या विचारतात.

"पेन्सिलीला टोक केलं."

"शाबास."

त्या काउंटरवर हात आपटतात, पूर्वी कोणी मोठ्यानं बोललं की आपटायच्या तसा, आणि काउंटर लांब होतो. पुस्तकांच्या देवघेवीचा काउंटर आहे हा, कडेला तारखांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. माझ्या दोऱ्याच्या रिळांच्या जागी फळ्या, फळ्यांवर पुस्तकं, अगदी छताच्या पलीकडे. मी चटईवर बसलेलीच आहे, फक्त चटई वाचनालयाच्या फरशीवर आहे, आणि फरशी थंड आहे.

जाडं पुस्तक काउंटरवर उघडं पडलंय. मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखाच तारखा, दर वर्षी एक, आणि प्रत्येकीसमोर माझाच सभासद क्रमांक. चारशे बारा.

याची एक गोष्ट आहे. आमच्या वाचनालयात पाच वर्षं कोणी नेलं नाही तर पुस्तकावर 'बाद' असा शिक्का मारायचे आणि रद्दीत घालायचे. या पुस्तकाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचं नाही. म्हणून ओकबाई मला दर वर्षी दुकानातून बोलावून घ्यायच्या: "मंदा, ने ते, आठवडाभर ठेव आणि परत आण." मी म्हणायची, बाई, पाठ झालंय. "तुझं झालंय. त्याचं कुठं झालंय?" कार्यकारिणीतले लोक म्हणायचे, एका बाईसाठी किती जागा अडवायची. ओकबाई म्हणायच्या, एक वाचक आहे ना, मग पुस्तक जिवंत आहे. आणि निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? 'बाद'चा शिक्काच पर्समध्ये घालून घरी नेला. नवा करायच्या ठरावावर तीन मीटिंगा झाल्या, मंजुरीची चौथी झालीच नाही. तो शिक्का आणि शाईचं पॅड जाण्याआधी त्यांनी मला दिलं. माझ्या खणात आहे. पॅड केव्हाच वाळून खडखडीत झालंय.

"तो माणूस मला का आवडायचा, सांग," बाई पुस्तकाचं पान उलटतात.

"कोण?"

"अगं, लिओनार्दो. तुझा म्हातारा."

"रंगांमुळं?"

"रंगांचं मला काय कळतंय. त्या लोकांना सगळं एकच वाटायचं गं. चित्र वेगळं आणि शास्त्र वेगळं, अशी दोन कपाटं त्यांच्याकडं नव्हतीच. पाणी कसं वळतं ते बघितलं, तेच केसांत काढलं. खांदा कसा फिरतो ते कळलं नाही, तर काढता येत नाही म्हणून खांदा उघडून बघितला. मला मात्र जन्मभर दोन कपाटांत पुस्तकं लावावी लागली." त्या मान वर करतात. "चल. दाखवते."

"कुठं?"

पण आम्ही पोचलोय. फळ्या नाहीत, खाटा आहेत. दोन्ही बाजूंनी खाटा, उंच छत, वरच्या खिडक्यांतून पडलेलं ऊन. फ्लॉरेन्समधलं इस्पितळ हे मला कोणी सांगावं लागत नाही, जरी दारात आमच्या पेठेतला पाण्याचा नळ आहे आणि त्याच्याखाली माझीच बादली भरतेय. एका खाटेवर फार म्हातारा माणूस उशीला टेकून बसलाय, डोळे मिटून. त्याच्या उशाशी एक तिवई आहे, रिकामी.

"आत्ताच उठून गेला तो," बाई तिवईवर हात ठेवतात. "अजून गरम आहे."

मी हात लावते. आहे.

ही गोष्ट पुस्तकात आहे. मी ती इतक्या वेळा वाचलीय की मला ती नातेवाइकांतली वाटते. तो म्हातारा म्हणाला होता, माझी शंभरी उलटली, अशक्तपणा सोडला तर मला काही होत नाही. आणि बसल्या बसल्या गेला, काही तक्रार न करता. लिओनार्दो त्याच्याशी बोलत होता. मग त्यानं त्यालाच उघडलं. इतकं गोड मरण येतं कुठून, ते बघायला.

"मला आधी ते फार निर्दय वाटायचं," मी म्हणते. "बोलायचं आणि मग चिरायचं."

"आणि आता?"

"आता मी तुमचा हात काढलाय."

म्हातारा डोळे मिटूनच हसतो. त्याला मराठी येत असावं.

"मग काय बघितलं त्यानं आत?" बाई विचारतात, पाठ केलेला धडा म्हणवून घ्यायचा तसा.

"रक्तवाहिन्या. सुकलेल्या, आकसलेल्या. कोणी त्याआधी असं लिहिलं नव्हतं."

"लिहिलं नव्हतं तरी बघितलं."

"हो."

"मोठा माणूस."

"हो बाई."

"आणि चुकला कुठं?"

हे मला माहीत नाही. ओकबाईंच्या चेहऱ्यावर तोच आनंद, जो एखाद्याला पुस्तक सापडत नसलं की यायचा.

"हृदयाच्या दोन कप्प्यांमधला जो पडदा असतो, त्याला बारीक बारीक भोकं असतात, असं त्याच्याही तेराशे वर्षं आधीच्या ग्रंथात लिहिलेलं. रक्त त्यातून पलीकडे झिरपतं म्हणे. सगळे वैद्य तसंच मानायचे. यानं हृदयं उघडली, बैलाची, माणसाची. असा बघणारा माणूस, माशीचा पंख ज्याला दिसायचा. त्यानंही ती भोकं मानली."

"होती का पण?"

"नव्हती."

"मग दिसली कशी?"

"दिसली कुठं? पुस्तकात होती, म्हणून असणार, असं समजून पाडली." बाई माझ्याकडे चष्म्यावरून बघतात. "तू काल पाडलीस तशीच. एकशे दहा."

पाण्याच्या बादलीचा आवाज थांबतो. भरली असावी.

मला राग येतो. खरंच येतो, मेलेल्या माणसावर येऊ नये एवढा. "तुम्हाला सोपं आहे बाई. तुम्ही टेबलावर निवांत पडलाय. मी काय करू? नाही म्हटलं तर तो पेंटर येऊन अख्खा हात खरवडेल. करंगळीसकट. मला ती ठेवायचीय."

"का?"

"का म्हणजे? माझ्यासाठी मोडली ती!"

"शिडीनं मोडली. नगरपालिकेची शिडी होती." त्या पदर बाजूला करतात. हात उघडा आहे, कोपरापासून खाली, कातडी दोन्हीकडं नीट दुमडलेली, पुस्तकाच्या कव्हरासारखी. मला भीती वाटत नाही. मी तो हात चार महिने बघितलाय, त्यातली एक एक वाट मला पाठ आहे. "करंगळी मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी मिळाली. हे मनगट मी जन्माला येताना आणलंय. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षं मला ठाऊकच नव्हतं त्यात काय नाही ते! एवढी पुस्तकं उचलली या हातानं, एकदासुद्धा अडलं नाही. कळलं कधी, तर मेल्यावर, आणि कळलं कोणाला, तर तुला. आणि तू ते झाकणार? माझी करंगळी राहावी म्हणून?"

"मी दहावी नापास आहे बाई. ते डॉक्टर आहेत. ते म्हणतात पोरं चुकतील."

"कोण जास्त चुकेल? दोरी नसलेली पोरगी स्वतःचं मनगट बघेल, भिंत बघेल, आणि काय समजेल? आपल्यात काहीतरी खोट आहे. अशा किती पोरी असतील त्या वर्गात?"

मी मनातल्या मनात मोजते. साठ मुलं. सहा, सात. नऊसुद्धा.

"मग त्यांनी काय करावं?"

"तू मला विचारतेस? कोंबडा कसा शिकलीस?"

"बघून."

"मग त्यांना बघायला लाव की. मनगटं वर करा म्हणावं, भिंतीसमोर उभं राहून. ज्यांची दिसेल त्यांची दिसेल." बाईंचा आवाज चढलाय, खाटांवरची माणसं कुशी बदलतात. "मी जन्म पुस्तकांत काढला मंदा. पुस्तकांसाठी भांडले, पुस्तकासाठी पडले. पण मला पुस्तकाप्रमाणे काढू नकोस. मी होते तशी काढ."

खाटा सरकून गेल्यात. समोर माझी भिंत आहे, बारा फुटी माणूस, ओल्या चुन्याचा वास येतोय, जरी मी ती साध्या रंगात केली होती. ते इटलीतले लोक ओल्या गिलाव्यावर रंगवायचे. आज जेवढं होईल तेवढाच गिलावा लावायचा, तो सुकायच्या आत रंग भरायचा. सुकला की रंग भिंतीचा झाला, मग कोणी म्हणो काही. आणि आधी चित्र उतरवायचे कसं, माहीत आहे? कागदावर. रेषेवरून भोकं पाडायची, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची. पहिल्यांदा मी ते पुस्तकात वाचलं तेव्हा वाचनालयात मोठ्यांदा ओरडले होते, "बाई, हे खाके मारतात!" आणि बाईंनी काउंटरवर हात आपटला होता, आणि मग दोघी हसत सुटलो होतो. त्या दिवसानंतर मला माझ्या धंद्याची लाज वाटली नाही.

भिंतीवरचा उजवा हात ओला आहे. मनगटाच्या मधल्या जागेवर काहीच नाही, नुसता गुलाबी-पांढरा पडदा, आणि ती रिकामी जागा मला एकदम फार सुंदर दिसते. मी ती नीट काढलीय. नसलेलं काढणं अवघड असतं.

माझ्या हातात तो कागद आहे. एक रेघ, एकशे दहा भोकं. दुसऱ्या हातात निळीचा बोळा.

"मी हे प्रेमापोटी केलं असेल तर?" मी विचारते. हेच मला रात्रभर कुरतडत होतं. "तुमचा हात म्हणून मला बरोबर वाटत असेल तर?"

"प्रेमापोटी माणसं काय करतात? करंगळी सरळ करतात. सुरकुत्या काढून टाकतात. भिंतीवर लावायचा फोटो बघितलायस का कोणाचा? माझा तर मी बघितला, वाचनालयात लावलाय, त्यात मी पस्तिशीची आहे." बाई नाक मुरडतात. "तू माझं मला दिलंस. ते प्रेम असलं तर असू दे, मला चालतं." मग हात पुढं करतात, तोच उघडा हात. "शिक्का आण."

"कुठला?"

"चोरलेला."

खण माझ्या कमरेशीच आहे. भिंत आहे, कॉलेज आहे आणि माझ्या काउंटरचा खणही आहे. मी शिक्का काढते, पॅड काढते. "वाळलंय बाई."

त्या पॅड तोंडाजवळ धरतात आणि हाऽ करतात, थंडीत चष्म्याच्या काचेवर करतात तसं. छातीत वारा कुठून आला त्यांच्या, मला कळत नाही.

"इतकी वर्षं तुझ्या पुस्तकावर मारू दिला नाही मी हा," त्या म्हणतात. "पण पुस्तकानं चुकीचं सांगितलं तर पुस्तकही सोडायचं नाही." आणि कागद माझ्या हातातून घेऊन, काउंटरवर ठेवून, ठप्प.

आवाज इस्पितळभर घुमतो. कुठंतरी तो म्हातारा खोकतो, की हसतो.

"झालं?" मी विचारते.

"नियम विसरलीस? शिक्का ग्रंथपालाचा. सही सभासदाची लागते. सभासदाच्या सहीशिवाय बाद होत नाही."

"पेन..."

"पेन तुझं तू शोध. सगळं मीच करू का मेल्यावरही?"

त्या उठतात. त्या आता पांढऱ्या चादरीखाली आहेत आणि उभ्याही आहेत, आणि शटरकडे चालल्यात, न वाकता. पायांशी कोणीतरी मुलगी वाकून नमस्कार करतेय.

"बाई, हात दुखतो का?"

"वेडी," त्या मागं न बघता म्हणतात, "तू काढल्यापासून नाही."

"मंदाताई! उठला का? चार वाजून गेले!"

शटरखालून ब्लाउज शिवणाऱ्या बोंगाळे वहिनींच्या चपला दिसतायत. पंखा दोनवर आहे. चटईचे वळ गालावर उमटलेत. मी म्हणते, "वहिनी, पाच मिनिटं." आणि उठून उभी राहते.

कागद काउंटरवर आहे, होता तिथंच. रेघ, भोकं. आणि त्यावर तिरका, थोडा फरफटलेला, जांभळा: बाद.

मी बोट लावते. बोटाला शाई लागते. खण उघडते, शिक्का कोपऱ्यात, पॅड डबीत. पॅडवर नख मारते. खडखडीत. वाळल्या मातीसारखं.

आता झोपेत चालायची सवय मला नाही. असती तर आधी दुसरी कामं केली असती, भांडी तरी. पण मी या गोष्टीवर वेळ घालवत नाही, कारण फोन वाजतोय.

"ताई, निघालात का? दोरी उतरवायचा खाका झाला तयार?"

"झाला होता डॉक्टर. बाद झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे दोरी येणार नाही. हात आहे तसा राहील. त्याच्याखाली एक ओळ लिहिते मी, नवा खाका करून आणते: 'अंगठा आणि करंगळी जुळवा. आपलं मनगट बघा.' पोरांना सांगा परीक्षेत पुस्तकातलं लिहा, काही हरकत नाही. पण हॉलमध्ये आली की मनगट वर करायचं. ज्यांची दोरी दिसणार नाही, त्यांच्या बाजूनं भिंतीवर कोणीतरी असू दे."

"ताई, तो पेंटर पाचला येतोय हो."

"येऊ दे. मी पावणेपाचला भिंतीपुढं स्टूल टाकून बसते. त्याला म्हणावं, आधी माझं मनगट रंगव, मग तिचं."

"तिचं? कुणाचं?"

"या तुम्ही. सात नंबरशी तुमची ओळख करून देते. फॉर्मवर साक्षीदाराची सही माझी आहे."

पलीकडे डॉक्टरांची खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग म्हणतात, "मी येतो. तुम्ही या." पेंटरचं काय, ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही.

मी नव्या कागदाचा ताव पसरते, सुई घेते, आणि मग आठवतं. पेन वहिनींच्या मापाच्या वहीत अडकलेलं सापडतं. शिक्क्याची शाई अजून ओली आहे, ती पुसू नये म्हणून कागद कडेनं धरते आणि त्या जांभळ्या अक्षरांखाली सही करते. मंदाकिनी कोपर्डे. सभासद क्र. ४१२.

आणि शटर पूर्ण वर ढकलते.